पालवणकर बाळू : मैदानापासून मेजापर्यंत

विद्यार्थिमित्रहो, थोर पुरुषांची चरित्रे वाचण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. परंतु त्या रीतीत खेळाडूंच्या वाट्यास फारसे मानाचे स्थान येत नाही. राजे, संत, देशभक्त आणि शास्त्रज्ञ ह्यांच्या ओळीत चेंडू फेकणाऱ्या माणसाला कोठे बसवावे, असा प्रश्न कित्येकांस पडतो. आम्ही ह्या अंकासाठी ज्यांचे चरित्र निवडले आहे त्यांनी राज्य केले नाही, मोठा ग्रंथ लिहिला नाही, की सभा गाजवल्या नाहीत. डाव्या हाताने संथ, फिरता चेंडू टाकणे हीच त्यांची विद्या. तथापि त्या चेंडूने जे काम केले ते पुष्कळ व्याख्यानांना साधले नाही. आणि जे त्या चेंडूलाही साधले नाही, तेही आपणास तितकेच शिकवून जाते. ह्या गृहस्थांचे नाव पालवणकर बाळू.

खेळ थांबल्यावर मैदानातून चहाच्या मेजापर्यंत जाण्यास खेळाडूला फार तर दोन मिनिटे लागतात. बाळूंना तेवढी वाट चालण्यास दहा-बारा वर्षे लागली. त्यांच्या चरित्राचे सार एवढ्यात आहे. ती वर्षे कशी गेली, तेवढे सांगावयाचे राहते.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. पालवणकर घराणे मूळचे कोकणातले, समाजाने चर्मकार. त्या काळी ह्या समाजास अस्पृश्य मानीत असत. गावाच्या विहिरीवर पाणी नाही, देवळात प्रवेश नाही, शाळेत बसावयाचे तर दूर, असा तो काळ. वडिलांची चाकरी लष्कराशी निगडित असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. लष्करी छावणीत गोरे अधिकारी क्रिकेट खेळत; त्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले. पुढे गणपत व विठ्ठल हे आणखी दोन बंधूही त्याच वाटेने गेले, आणि चौघेही नामांकित खेळाडू झाले. एकाच घरातील चार भावांनी असा लौकिक मिळवल्याची उदाहरणे आपल्या देशाच्या क्रीडेतिहासात विरळाच.

घरची स्थिती बेताची, म्हणून बाळूंनी लवकरच नोकरी धरली. ती मिळाली पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे. वेतन दरमहा ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन ४ रुपये झाले. रूळ ओढणे, चुन्याच्या रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे ही कामे होतीच. परंतु जाळ्यात सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकण्यासही कोणी तरी हवा असे, आणि ते काम हळूहळू बाळूंकडे आले.

ह्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे एक उत्कृष्ट फलंदाज होते. इतर मंडळी येण्यापूर्वीच ते मैदानावर हजर होत आणि तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी त्यांना बाद केले की ते दर खेपेस आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे खरेखोटे असो. एवढे मात्र निश्चित की ह्या दीर्घ सरावाने साहेबांची फलंदाजी जशी सुधारली तशीच बाळूंची गोलंदाजीही तयार झाली. चेंडूचा टप्पा हव्या त्या जागी पाडावा, वेग नकळत कमीजास्त करावा, चेंडू दोन्ही बाजूंस वळवावा, ही सारी कला त्यांनी कोणत्याही गुरूवाचून आत्मसात केली. मात्र हजारो चेंडू टाकणाऱ्या ह्या तरुणाच्या हाती त्या क्लबात फलंदाजीसाठी फळी कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. घाम गाळून चेंडू टाकणे हे चाकराचे काम. येथे जातीचा विटाळ नव्हता. पण राज्यकर्ता आणि रयत हा भेद होताच.

ह्याच सुमारास पुण्यातील हिंदू खेळाडूंनी आपला क्लब उभारला होता व युरोपियनांना हरवण्याची त्यांची महत्त्वाकांक्षा होती. शहरातील सर्वांत चांगला गोलंदाज कोण, हे त्यांस पुरते ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता की चर्मकाराच्या मुलास आपल्या संघात घ्यावे की न घ्यावे. काहींचे मत पडले घ्यावे. सनातनी मंडळींनी त्यास कडाडून विरोध केला. वाद पुष्कळ दिवस चालला. ग्रेगसाहेबांनी वृत्तपत्रातून असे मत प्रकट केले की, जातीपायी असा गोलंदाज दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. अखेर विजयाची इच्छा विटाळाच्या भीतीहून प्रबळ ठरली, आणि बाळूंना संघात घेण्यात आले.

परंतु घेतले ते कसे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. चेंडू कातड्याचा असतो. बाळूंनी तो बोटांत धरून टाकावा, ब्राह्मण क्षेत्ररक्षकाने अडवून परत त्यांच्या हाती द्यावा, ह्यास कोणाची हरकत नव्हती. खेळ थांबला आणि चहाची वेळ झाली की मात्र सारे पालटे. इतर खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत. बाळूंना तो मंडपाबाहेर, फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात दिला जाई. हातपाय धुवावयाचे तर मैदानाच्या कोपऱ्यात, आणि पाणी घालावयास अस्पृश्य नोकर. जेवणाचे पान वेगळे, मेजही वेगळे. ज्या हाताने संघास सामना जिंकून दिला त्याच हाताचा संघाच्या पेल्यास स्पर्श झालेला चालत नव्हता. विद्यार्थ्यांनो, तर्कशास्त्राचा कोणताही पंडित ह्या वर्तनात संगती दाखवू शकणार नाही.

आम्हां नांदेड-लातूरकडील लोकांस हा प्रकार वाचताना दोन गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या उदगीर-निलंग्याच्या पलीकडे, फार दूर नाही, कल्याण नगरी आहे. बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी तेथे सर्व जातींच्या भक्तांस एकत्र आणले. त्यांत हरळय्या नावाचे एक चर्मकार होते. त्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मण कुळातील मधुवरसांच्या कन्येशी ठरला, आणि त्या अपराधाबद्दल राजाने दोन्ही पित्यांस देहान्त शासन दिले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. दुसरी गोष्ट नांदेडची. गोदावरीच्या तीरी, जेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंहजींनी देह ठेवला, त्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. तेथे धनिक आणि भिकारी, कोणत्याही जातीचा व धर्माचा मनुष्य, एकाच पंगतीत जमिनीवर बसून एकच अन्न घेतो. सांगण्याचा हेतू हा की, एकत्र जेवण्याची कल्पना आमच्या ह्या भूमीला परकी नव्हती. ती ठाऊक असूनही समाजाने दैनंदिन व्यवहारातून दूर ठेवली होती, आणि म्हणूनच पुण्यातील त्या मातीच्या भांड्याचे दुःख अधिक वाटते.

बाळूंनी ह्या अपमानाचे उत्तर शब्दांनी दिल्याचे दिसत नाही. त्यांनी ते गडी बाद करून दिले. साताऱ्यास युरोपियनांच्या संघाविरुद्ध सामना झाला तेव्हा तेथील खेळपट्टी मुद्दाम दाबून टणक केली होती, म्हणजे त्यांचा चेंडू वळू नये; तरीही बाळूंनीच सामना गाजवला. पुण्यात त्यांचे सत्कार झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी अशाच एका प्रसंगी खेळाडूंस बजावले की, ज्याच्यासह खेळता त्याच्यासह बसून खाण्यापिण्यासही अनमान करू नये, असे सांगतात. उपदेश उत्तम होता; परंतु त्या एका उपदेशाने पुण्याच्या मंडपातील पेला बदलला नाही.

१८९६ साली प्लेगची साथ आली. पुणे व मुंबई ही दोन्ही शहरे हवालदिल झाली. त्या धामधुमीच्या वर्षांत बाळूंनी पुणे सोडले व ते मुंबईकर झाले. मुंबईत १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाला होता. तेथेही प्रारंभी काही सभासदांनी नाके मुरडली. परंतु संघाचे कर्णधार कीर्तिकर ह्यांनी आग्रह धरून बाळूंना संघात घेतले. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली, आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. मोठ्या शहराचा एक गुण असा की, तेथे माणसाचे काम आधी पाहतात व कूळ मागाहून विचारतात. निदान पुण्याच्या मानाने मुंबईत असे घडले खरे. कालांतराने जिमखान्यात बाळू व शिवराम हे दोघे बंधू इतर खेळाडूंसमवेत बसून खाऊपिऊ लागले. मैदानापासून मेजापर्यंतची वाट अशी एकदाची संपली.

ह्या बदलाचे फळ १९०६ च्या फेब्रुवारी महिन्यात सर्वांच्या दृष्टीस पडले. मुंबईत हिंदू आणि युरोपियन ह्यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्यात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी हिंदूंचा जय झाला. दुसऱ्या डावात राज्यकर्त्यांच्या संघास एवढ्या थोडक्या धावांत गुंडाळण्यात बाळूंचा मोठा वाटा होता. ह्या विजयाचा आनंद देशभर झाला, कारण तो वंगभंगाच्या चळवळीचा काळ होता. विचारी लोकांनी मात्र त्यातून आणखी एक अर्थ काढला. समाजसुधारणेस वाहिलेल्या पत्रांनी दाखवून दिले की, हा जय जातीची भिंत काही अंशी तरी पाडल्यामुळे मिळाला आहे; चर्मकार बंधूंना बाहेर ठेवून तो मिळाला नसता.

अशीच एक गोष्ट साठ वर्षांनी सातासमुद्रापलीकडे घडली. बास्केटबॉल हा खेळ आमच्या मिशन शाळांस जवळचा. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे ख्रिस्ती तरुणांच्या संघाने चालवलेल्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ ह्या अध्यापकांनी तो शोधून काढला. ज्या खेळाचा जन्म धर्मबुद्धीच्या छायेत झाला, त्या खेळातही कित्येक अमेरिकन महाविद्यालये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास आपल्या संघात घेत नसत. १९ मार्च १९६६ रोजी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. टेक्सस वेस्टर्न कॉलेजचे शिक्षक डॉन हॅस्किन्स ह्यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंसह खेळास प्रारंभ केला. समोर केंटकी विद्यापीठाचा केवळ गौरवर्णीयांचा नामांकित संघ होता. टेक्ससच्या मुलांनी ७२ विरुद्ध ६५ गुणांनी सामना जिंकला. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते की, माणसाला दूर लोटण्याची बुद्धी कोणत्याही एका देशाची वा धर्माची मिरास नाही, आणि ती उघडी पाडण्याचे सामर्थ्य खेळात आहे. कारण फळ्यावरचे आकडे कोणाची जात वा वर्ण पाहून लिहिले जात नाहीत.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १९११ साली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पारशी, हिंदू, मुसलमान व शीख अशा सर्व धर्मांचे खेळाडू त्यात होते. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग; परंतु त्यांचे चित्त मैदानापेक्षा पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणाच्या समारंभात व मेजवान्यांत अधिक गुंतले, आणि संघाची दैना झाली. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी केवळ २ जिंकता आले. ह्या पडझडीत एक खेळाडू खांबासारखा उभा राहिला. बाळूंचे वय पस्तिशीच्या घरात होते, खांदा दुखत होता, हवा थंड व परकी होती. तरीही त्या दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत ८ गडी त्यांनी टिपले. लॉर्ड्‌सच्या विख्यात मैदानावरही त्यांच्या गोलंदाजीने जाणत्यांची वाहवा मिळवली. ज्याने तीन रुपयांवर मैदान झाडले होते, तो आज क्रिकेटच्या माहेरघरी आपल्या देशाचा सर्वोत्तम गोलंदाज म्हणून ओळखला गेला.

ते परत आले तेव्हा मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातील मानपत्राच्या कामी एका तेजस्वी तरुण विद्यार्थ्याने पुढाकार घेतला होता, असे सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्या पिढीतील दलित मुलांस आपल्यातील एक माणूस सर्व देशात मान पावतो हे प्रथम बाळूंच्या रूपाने दिसले. त्याचा परिणाम त्यांच्या कोवळ्या मनांवर किती झाला असेल ह्याची कल्पनाच केलेली बरी.

येथवर वाचून कोणास वाटेल की आता सारे सुखाचे झाले. तसे झाले नाही. मुंबईच्या स्पर्धेत १९०७ पासून हिंदू, पारशी व युरोपियन असे तीन, आणि १९१२ पासून मुसलमानांसह चार संघ उतरू लागले. हिंदू संघाचा कर्णधार कोणी व्हावे, हा प्रश्न दरवर्षी येई. अनुभवाने, वयाने व कामगिरीने बाळू सर्वांच्या पुढे; परंतु दरवर्षी निवड होई ती दुसऱ्याची. बाळूंच्या हाती चेंडू दिला जाई. अधिकार दिला जात नसे. स्वतः कर्णधार झालेले एम्. डी. पै ह्यांनी मोकळ्या मनाने जाहीर केले की, ह्या मानाचे खरे अधिकारी बाळू आहेत. पै ह्यांच्या ह्या औदार्याची नोंद केली पाहिजे. परंतु निवड समितीच्या मनावर त्याचा परिणाम झाला नाही. सोबत बसवून जेवू घालणे एक, आणि त्याच्या आज्ञेत उभे राहणे दुसरे. पहिल्यात दया पुरते, दुसऱ्यास न्यायबुद्धी लागते.

१९२० साली हा प्रश्न ऐरणीवर आला. बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी पडल्यामुळे कर्णधारपद मोकळे झाले, तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्यांना डावलून ते पुण्याच्या दि. ब. देवधर ह्यांना देण्यात आले. देवधर थोर फलंदाज होते ह्यात शंका नाही. पण पालवणकर बंधूंची ज्येष्ठता त्यांच्याहून अधिक होती. विठ्ठल व शिवराम ह्यांनी आपली नावे संघातून काढून घेतली व त्याचे कारण वृत्तपत्रांतून जाहीरपणे मांडले. गुणांवर निवड होऊन आपण मागे राहिलो असतो तर तक्रार नव्हती. केवळ जातीमुळे मागे ठेवले जाणे आम्ही सहन करणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अस्पृश्यतानिवारणाचा विषय त्या वर्षी महात्मा गांधींच्या चळवळीमुळे सर्वांच्या तोंडी होता. लोकमत बंधूंच्या बाजूस झुकले. अखेर तडजोड होऊन अंतिम सामन्यास पै कर्णधार झाले, बाळूंना परत बोलावून उपकर्णधार नेमण्यात आले व त्यांचे बंधूही परतले. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि संघाचे नेतृत्व बाळूंच्या हाती आले. पंचेचाळिशीच्या घरातील ह्या पुरुषाच्या वाट्यास कर्णधारपद आले ते एवढेच, अर्ध्या-मुर्ध्या वेळेपुरते.

तथापि ज्याने बी पेरले त्याच्या घरच्यांनी पीक पाहिले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. सर्व जातींच्या प्रेक्षकांनी त्यांस खांद्यावर घेतले. पुढे विठ्ठलांनी माझे क्रीडा-जीवन ह्या नावाने आत्मचरित्र लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. बाळूंनी प्रथम दर्जाचे ३३ सामने खेळून १७९ गडी बाद केले, आणि प्रत्येक गड्यामागे सरासरीने १५ च्या थोड्या अधिक धावा दिल्या. ऐन उमेदीची वर्षे रूळ ओढण्यात व साहेबांना सराव देण्यात गेली होती, हे स्मरून हे आकडे वाचावे.

बाळूंच्या उत्तरायुष्याविषयी सांगताना आम्हांस सावधपणे लिहिणे प्राप्त आहे, कारण तेथे दोन सज्जनांचे मार्ग भिन्न झाले. १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकर व बाळू ह्या दोघांच्याही सह्या आहेत. १९३३ साली मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीस बाळू उभे राहिले, पण यश आले नाही. १९३५ साली येवले येथे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळूंना तो मार्ग मान्य नव्हता. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते पडली. ज्याने एके काळी बाळूंच्या सत्कारात भाग घेतला त्याच्याच हातून बाळूंचा पराभव व्हावा, हा काळाचा महिमा.

ह्या विरोधाचे मूळ त्या दोघांच्या अनुभवात आहे असे आम्हांस वाटते. बाळूंनी आपल्या आयुष्यात मातीच्या भांड्याच्या जागी चिनी मातीचा पेला आलेला पाहिला होता; एकत्र खेळता खेळता माणसे बदलतात, ह्यावर त्यांची श्रद्धा बसली असल्यास नवल नाही. डॉ. आंबेडकरांचा प्रश्न निराळा होता. ज्याच्या डाव्या हातात अशी विलक्षण विद्या नाही, अशा लक्षावधी सामान्य माणसांनी पेल्याची वाट किती वर्षे पाहावी? पाणी, शाळा व मानाने जगणे हे गुणांचे बक्षीस नसून प्रत्येकाचा हक्क आहे, आणि हक्क कायद्याने मिळवावा लागतो. आज मागे वळून पाहता वाटते की, दुसऱ्या मताच्या बाजूने पारडे जड आहे. आणि तरीही पहिल्या मार्गावरून चालणारा माणूस आधी येऊन गेला नसता तर दुसरा मार्ग अधिकच बिकट झाला असता.

धर्मावर आधारलेल्या संघांची ती मुंबईची स्पर्धाही पुढे फार टिकली नाही. १९३७ मध्ये उरलेल्या समाजांचा पाचवा संघ निघाला. त्यातूनच सांगलीचे ख्रिस्ती खेळाडू विजय हजारे चमकले. १९४६ साली ती स्पर्धा कायमची बंद झाली, आणि धर्म न विचारता प्रांतांचे संघ खेळू लागले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तिचे पालन करणाऱ्यास शिक्षा ठरवणारा कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्यानंतर अवघ्या महिन्याभराने, ४ जुलै १९५५ रोजी, बाळूंनी मुंबईत देह ठेवला. त्यांच्या तरुणपणी जे वर्तन पुण्याच्या मंडपात शिष्टाचार म्हणून चाले, तेच त्यांच्या अखेरच्या दिवसांत देशाच्या कायद्याने गुन्हा ठरले होते. एका मनुष्याच्या आयुष्यात ह्याहून मोठे अंतर कापले जाणे कठीण.

परंतु कायदा झाला म्हणजे मने बदलली, असे समजण्याची चूक आम्ही मराठवाड्यातील लोकांनी तरी करू नये. बाळू मुंबईत कीर्ती मिळवीत होते तेव्हा आमचे नांदेड व लातूर निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले आणि आम्हांसही स्वातंत्र्य लाभले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९७८ साली, मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या प्रश्नावरून दंगली उसळल्या, आणि आमच्याच नांदेड जिल्ह्यातील खेड्यांत दलितांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. नाव देण्यास १९९४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे नवे विद्यापीठही उभे राहिले, आणि आज आमच्या दोन्ही जिल्ह्यांची मुले तेथे शिकतात. ही हकीकत अप्रिय आहे; पण शाळेच्या अंकात ती लपवून ठेवल्याने कोणाचे हित होईल असे आम्हांस वाटत नाही.

मुलांनो, तुम्ही रोज सायंकाळी मैदानावर दोन संघ पाडता. कोणास आधी बोलवावे, कोणाच्या हाती चेंडू द्यावा, कोणास नायक करावे, हे तुमचे तुम्हीच ठरवता. तेथे शिक्षक नसतात, कायदा नसतो. चांगला खेळणाऱ्यास चेंडू द्यावयास कोणीही तयार होतो, कारण त्यात आपलाच लाभ असतो. खरी परीक्षा पुढे आहे. खेळ संपल्यावर त्याच्या डब्यातील भाकरीचा तुकडा तुम्ही मागून घेता काय, आणि तो नायक झाला तर त्याचे ऐकता काय, ह्यावरून तुमची पारख होईल. पालकांसही आमची एक विनंती आहे. मुलगा नव्या मित्रास घरी आणील तेव्हा त्यास आडनाव विचारण्यापूर्वी पाणी विचारावे, आणि ते घरच्याच पेल्यातून द्यावे. पालवणकर बाळूंच्या स्मृतीस ह्याहून चांगले मानपत्र आम्हांस सुचत नाही.